घातक अपशिष्टांची तपासणी : कोल्हापूर जिल्हा

घातक अपशिष्टांची तपासणी : निर्मितिप्रक्रियेतून टाकून दिलेल्या ज्या पदार्थांच्या विषारी, ज्वालाग्राही, क्षरणकारी किंवा स्फोटक गुणधर्मांमुळे माणसाच्या आरोग्यास अथवा परिसरास अपाय होतो किंवा होण्याचा संभव असतो, त्यांना घातक अपशिष्टे (व्यवहारात ‘घातक कचरा’) म्हणतात. अशी अपशिष्टे जेथे निर्माण होतात व साठविली जातात, ज्या वाहनांतून ती नेली जातात आणि जेथे त्यांची अखेरची विल्हेवाट लागते, त्या सर्व ठिकाणी शासकीय अधिकाऱ्यांनी केलेली पाहणी, घेतलेले नमुने व पडताळलेल्या नोंदी यांचा या तपासणीत समावेश होतो. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असून कोल्हापूर येथे मंडळाचे प्रादेशिक कार्यालय आहे. तपासणी अधिकारी एखाद्या कारखान्यात वर्षातून फार तर काही तास असतो. कारखान्याखालच्या नदीचे पाणी मात्र लोक वर्षभर पितात. या दोन गोष्टींमधील अंतर कसे भरून काढावयाचे, हाच या तपासणीच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय. कारखान्याच्या दारातील नमुना, कार्यालयातील नोंदवही आणि नदीचे पाणी या तिहींची साक्ष जुळते तेव्हाच तपासणीला अर्थ प्राप्त होतो, असे कोल्हापूर जिल्ह्यातील अनुभवावरून दिसते.

पार्श्वभूमी : कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांच्या संगमातून कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे पंचगंगा नदी सुरू होते (पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते) आणि सु. ८० किमी. वाहून नृसिंहवाडी येथे ती कृष्णेस मिळते. जिल्ह्यातील बहुतेक कारखानदारी या नदीच्या खोऱ्यात वाढली. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकीर्दीत १९०६ मध्ये कोल्हापूर येथे कापडगिरणी स्थापन झाली. त्याच सुमारास, १९०४ मध्ये, इचलकरंजी येथे पहिला यंत्रमाग सुरू झाला. पुढे शिवाजी उद्यमनगरात यंत्रे व सुटे भाग तयार करणारे लहान कारखाने वाढले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर शिरोली, गोकुळ शिरगाव व नंतर कागल-हातकणंगले येथे औद्योगिक वसाहती वसल्या. सहकारी साखर कारखाने आणि त्यांना जोडलेल्या आसवन्या हा या कारखानदारीचा आणखी एक मोठा घटक होय.

या उद्योगांतून निघणारी अपशिष्टे एकसारखी नसतात. ओतशाळांतून (फौंड्रींतून) वापरलेले तेल, रंगाचा गाळ, भट्टीच्या धुराड्यातील धूळ व रेझीनने बांधलेली जुनी वाळू निघते. विद्युत् विलेपनाच्या लहान शाळांतून क्रोमियम, निकेल, जस्त यांसारख्या धातूंची लवणे व काही ठिकाणी सायनाइडे असलेले पाणी बाहेर पडते. हुपरी येथील चांदीच्या धंद्यात धातू शुद्ध करण्यासाठी व उजळण्यासाठी अम्ले वापरावी लागतात. इचलकरंजीत प्रत्यक्ष मागावर फारसे सांडपाणी निर्माण होत नाही. ते निर्माण होते कापडाचे विरंजन, रंगाई व छपाई करणाऱ्या प्रक्रियागृहांत, आणि त्याच्या शुद्धीकरणानंतर उरणाऱ्या रासायनिक गाळाची गणना घातक अपशिष्टांत होते. साखर कारखान्यांचे व आसवन्यांचे मळीमिश्रित पाणी घातक अपशिष्टांच्या व्याख्येत सरसकट बसत नाही. परंतु नदीतील प्राणवायू शोषून घेण्याची त्याची शक्ती फार मोठी असल्याने त्याचीही तपासणी त्याच यंत्रणेकडून, पण जलप्रदूषणाच्या कायद्याखाली होते. धंद्याच्या नावावरून अपशिष्टाची जात ठरत नाही, ती प्रक्रियेवरून ठरते. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल व हिरडा वापरून परंपरेने कमावलेल्या कातड्याच्या पाण्यात क्रोमियम नसते. क्रोमियमच्या लवणांनी कमावलेल्या कातड्याच्या पाण्यात ते असते. धंदा एकच, पण तपासणी अधिकाऱ्याने पाहावयाची गोष्ट निराळी.

प्रारंभीचे कायदे : कारखान्याच्या अपशिष्टांसाठी शासकीय निरीक्षक नेमण्याची प्रथा इंग्लंडमध्ये सुरू झाली. धुण्याचा सोडा तयार करणाऱ्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोक्लोरिक अम्लाच्या वायूने आसपासची शेते करपत. म्हणून १८६३ च्या अल्कली अधिनियमाने या वायूपैकी किमान ९५ टक्के भाग कारखान्यातच द्रवरूपात पकडून ठेवण्याची सक्ती केली. रॉबर्ट अँगस स्मिथ हे रसायनशास्त्रज्ञ या कायद्याखालील पहिले निरीक्षक होत. ९५ टक्क्यांची अट घातल्यामुळे वायू मोजण्याची साधने व रीत निरीक्षकालाच सिद्ध करावी लागली. ‘उपद्रव दिसतो की नाही’ या प्रश्नाची जागा ‘किती बाहेर पडते’ या प्रश्नाने प्रथमच घेतली. आजची तपासणी याच तत्त्वावर उभी आहे.

भारतात मात्र उपद्रवाची जुनी कल्पना दीर्घकाळ टिकली. १८६० च्या भारतीय दंड संहितेत सार्वजनिक उपद्रव व सार्वजनिक झऱ्याचे वा जलाशयाचे पाणी घाण करणे हे अपराध ठरविले होते. १८८१ पासूनच्या कारखाना अधिनियमांखाली नेमलेले निरीक्षक प्रामुख्याने कामगारांचे वय, कामाचे तास व यंत्रांवरील कुंपणे पाहत. १९४८ च्या अधिनियमात कारखान्याच्या टाकाऊ द्रव्यांच्या विल्हेवाटीची तरतूद आली, पण तिचा रोख कारखान्याच्या आवारातील स्वच्छतेवर होता. आवाराच्या भिंतीबाहेर अपशिष्टाचे काय होते, हे पाहण्याचे काम कोणत्याही एका अधिकाऱ्याचे नव्हते. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाल्यानंतर हेच कायदे येथेही लागू झाले.

मंडळाची स्थापना : महाराष्ट्राने या बाबतीत केंद्राच्या आधी पाऊल उचलले. महाराष्ट्र जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियम १९६९ मध्ये संमत झाला व त्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे मंडळ स्थापन झाले. स्टॉकहोम येथील मानवी पर्यावरणविषयक परिषद (जून १९७२) त्यानंतरची होय. पाणी हा राज्यांच्या अधिकारातील विषय असल्यामुळे संसदेने १९७४ चा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम काही राज्यांच्या ठरावांवरून केला आणि इतर राज्यांनी तो स्वीकारावा, अशी व्यवस्था ठेवली. महाराष्ट्राने तो १ जून १९८१ पासून स्वीकारला. या अधिनियमाने प्रत्येक उद्योगाला सांडपाणी सोडण्यापूर्वी मंडळाची संमती घेणे बंधनकारक केले व मंडळाच्या अधिकाऱ्यास कोणत्याही वाजवी वेळी आवारात प्रवेश करण्याचा, यंत्रे व कागदपत्रे पाहण्याचा आणि नमुने घेण्याचा अधिकार दिला. १९८१ च्या हवा अधिनियमाने हीच व्यवस्था धुराड्यांनाही लागू केली. तथापि सांडपाणी शुद्ध केल्यानंतर तळाशी उरणारा गाळ, रिकामी पिंपे, जळके तेल यांबाबत स्वतंत्र नियम अद्याप नव्हते. पाणी जितके अधिक शुद्ध करावे तितका गाळ वाढतो. एका कायद्याच्या पालनातून निर्माण झालेले अपशिष्ट दुसऱ्या कोणत्याही कायद्याच्या कक्षेत येत नव्हते.

भोपाळनंतर : २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथे मिथिल आयसोसायनेट वायूची गळती होऊन हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेनंतर संसदेने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ संमत केला आणि त्याखाली २८ जुलै १९८९ रोजी घातक अपशिष्टांविषयीचे पहिले नियम जारी झाले. त्यांत अपशिष्टांचे १८ वर्ग केले होते व प्रत्येक वर्गासाठी, किती प्रमाणापासून नियम लागू व्हावेत, हे ठरविले होते. सायनाइडयुक्त अपशिष्टांसाठी ही मर्यादा सायनाइडच्या हिशेबाने वर्षाला अवघी १ किग्रॅ. होती. त्यामुळे गल्लीतील विलेपनशाळाही मोठ्या कारखान्याप्रमाणेच नियमांच्या कक्षेत आली. त्याच वर्षी घातक अपशिष्टांच्या एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या वाहतुकीवर निर्बंध घालणारा बाझेल करार झाला व भारताने १९९२ मध्ये त्यास मान्यता दिली.

नियम झाले तरी त्यांची अंमलबजावणी मंद राहिली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या एका जनहित याचिकेवरून न्यायालयाने १९९७ मध्ये एम्. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली. समितीच्या अहवालाच्या आधारे १४ ऑक्टोबर २००३ रोजी न्यायालयाने सविस्तर आदेश दिले व त्यांच्या पालनावर देखरेखीसाठी समिती नेमली. नियमांत २००० व २००३ मध्ये दुरुस्त्या झाल्या. २००८ मध्ये व पुन्हा ४ एप्रिल २०१६ रोजी नवे नियम आले. २०१६ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ३८ औद्योगिक प्रक्रिया व त्यांतून निघणारी अपशिष्टे दिली आहेत. रुग्णालयांतील जैववैद्यकीय कचरा, किरणोत्सर्गी द्रव्ये यांसाठी वेगळे नियम आहेत.

तपासणीची पद्धती : तपासणीचे सामान्यतः पाच प्रसंग असतात : संमती वा प्राधिकारपत्र देण्यापूर्वीची पाहणी, ठराविक मुदतीने होणारी तपासणी, तक्रारीवरून झालेली भेट, पूर्वसूचनेवाचून झालेली तपासणी आणि अपघातानंतरची चौकशी. क्षेत्र अधिकारी प्रथम संमतिपत्रातील अटी व प्रत्यक्ष स्थिती यांची तुलना करतो. उत्पादन परवानगीपेक्षा अधिक आहे काय, पाण्याच्या मापकावरील आकडा व सांडपाण्याचा आकडा यांचा मेळ बसतो काय, शुद्धीकरण यंत्रणेचा स्वतंत्र वीजमापक किती एकके दाखवितो, रसायनांची खरेदी किती झाली, हे तो पाहतो. शुद्धीकरण यंत्रणा भेटीच्या दिवशी चालू असणे पुरेसे नसते. वर्षभर चालली असेल तर तिच्या विजेचा, चुन्याचा व तुरटीचा खर्च वहीत दिसला पाहिजे आणि तितक्या प्रमाणात गाळही साठलेला वा पाठविलेला असला पाहिजे. गाळ नसेल तर पाणी शुद्ध झालेलेच नाही, असा निष्कर्ष निघतो. अनुभवी अधिकारी म्हणूनच टाकीतील पाण्याआधी गाळ वाळविण्याचे वाफे पाहतो.

साठवणीची जागा छपराखाली, अभेद्य फरशीची व सांडलेले द्रव अडविणाऱ्या कठड्याची असावी लागते. प्रत्येक पिंपावर अपशिष्टाचे नाव, वर्ग, प्रमाण व साठवणीची तारीख असलेली चिठ्ठी लागते. परस्परांशी विक्रिया होणारी अपशिष्टे एकत्र ठेवता येत नाहीत. सायनाइडयुक्त पाणी व अम्ल एकत्र आल्यास प्राणघातक हायड्रोजन सायनाइड वायू निर्माण होतो. साठवणीची मुदत ९० दिवसांची आहे; वर्षाला १० टनांपर्यंत अपशिष्ट निर्माण करणाऱ्या लहान घटकांना मंडळ ती १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते. कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात या सवलतीला महत्त्व आहे, कारण येथील असंख्य लहान शाळांतून महिन्याला एखाददुसरेच पिंप भरते व तेवढ्यासाठी वाहन येत नाही. मात्र मुदत लांबली की पिंप ‘हरवण्याची’ शक्यताही वाढते.

नमुन्याचा पुरावा : मंडळाच्या व्यवहारात नमुन्यांचे दोन प्रकार आढळतात : देखरेखीसाठी घेतलेला संयुक्त दक्षता नमुना व न्यायालयात टिकावा अशा रीतीने घेतलेला कायदेशीर नमुना. कायदेशीर नमुन्याची रीत १९७४ च्या अधिनियमाच्या २१ व्या कलमात तपशीलवार दिली आहे. नमुना विश्लेषणासाठी घेत असल्याची लेखी नोटीस तेथल्या तेथे द्यावी लागते. नमुना भोगवटादाराच्या उपस्थितीत भरून मोहोरबंद करावा व त्यावर दोघांच्याही सह्या असाव्यात. भोगवटादाराने मागणी केल्यास नमुन्याचे दोन भाग करावे लागतात. तो मुद्दाम गैरहजर राहिला, तर तशी नोंद करून अधिकारी स्वतःच्या सहीने नमुना पाठवू शकतो. या रीतीत चूक झाल्यास विश्लेषणाचा अहवाल पुराव्यात घेता येत नाही, असे कायदाच सांगतो. १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका शीतपेय कंपनीच्या प्रकरणात या कारणासाठी विश्लेषणाचा अहवाल ग्राह्य धरला नाही. ज्यांच्या विहिरीचे पाणी बिघडते, त्यांची बाजू अशा रीतीने मोहोरेच्या एका चुकीवर अवलंबून असते.

बाटलीत भरल्यावरही पाणी बदलत राहते. धातूंच्या मापनासाठीचा नमुना नायट्रिक अम्लाने व रासायनिक प्राणवायू मागणीसाठीचा नमुना सल्फ्यूरिक अम्लाने टिकवितात. जैव प्राणवायू मागणीसाठीचा नमुना बर्फात ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो व तेथे तो २७° से. तापमानास तीन दिवस ठेवून मोजतात. कोल्हापूरचे नमुने मंडळाच्या चिपळूण येथील प्रादेशिक प्रयोगशाळेकडे पाठविले जात आले आहेत. म्हणजे इचलकरंजीच्या नाल्यात भरलेल्या बाटलीला घाट उतरून कोकणात जावे लागते. विश्लेषणात मिळालेले आकडे ठरलेल्या मर्यादांशी ताडून पाहतात. नदीत सोडावयाच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मानकांनुसार षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ०·१ मिग्रॅ., सायनाइडची ०·२ मिग्रॅ. व जैव प्राणवायू मागणीची ३० मिग्रॅ. आहे.

वाहतूक-पत्रक : नमुना एका क्षणाची स्थिती सांगतो, अपशिष्टाचा पुढील प्रवास नोंदींवरूनच कळतो. त्यासाठी वाहतूक-पत्रकाची (मॅनिफेस्ट) पद्धती आहे. २०१६ च्या नियमांनुसार या पत्रकाच्या सात रंगीत प्रती असतात. पांढरी प्रत पाठविणाऱ्याकडून मंडळाकडे जाते. पिवळी प्रत वाहतूकदाराची सही घेऊन पाठविणारा आपल्यापाशी ठेवतो. गुलाबी प्रत अपशिष्ट स्वीकारणाऱ्या केंद्राकडे राहते. नारिंगी प्रत पोच म्हणून वाहतूकदारास मिळते. हिरवी प्रत केंद्राकडून मंडळाकडे व निळी प्रत पाठविणाऱ्याकडे परत येते. अपशिष्ट दुसऱ्या राज्यातून आले असल्यास करडी प्रत त्या राज्याच्या मंडळाकडे जाते. पांढऱ्या व हिरव्या प्रतींतील वजने जुळली नाहीत, तर वाटेत काही तरी घडले, हे कार्यालयात बसूनही समजते. याशिवाय कारखान्याने दैनंदिन नोंदवही ठेवून दरवर्षी ३० जूनपर्यंत मागील आर्थिक वर्षाचे विवरणपत्र सादर करावयाचे असते.

या कागदांचे महत्त्व वालधुनी नदीच्या प्रकरणावरून ध्यानात येते. २०१४ मध्ये उल्हासनगर परिसरात या नदीत बेकायदा रसायने सोडण्यात आली. त्यांच्या वायूने शेकडो रहिवाशांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयात जावे लागले. अशा प्रकरणांत नदीत मिसळलेल्या द्रवावरून मूळ कारखाना शोधणे अवघड असते. पत्रकाविना निघालेले वाहन वाटेतच अडविता आले, तरच अपाय टळतो.

अंतिम विल्हेवाट : महाराष्ट्रात घातक अपशिष्टांच्या सामुदायिक विल्हेवाटीची केंद्रे तळोजे, महापे (ठाणे-बेलापूर पट्टा), रांजणगाव व बुटीबोरी येथे उभारण्यात आली. पश्चिम महाराष्ट्रास रांजणगाव (जि. पुणे) येथील केंद्र जवळचे असल्याने कोल्हापूर जिल्ह्यातील अपशिष्ट पुण्यापलीकडे न्यावे लागते. केंद्राच्या दाराशी वाहन काट्यावर तोलतात व नमुना घेऊन त्यातील अपशिष्ट पत्रकात लिहिल्याप्रमाणेच आहे, याची झटपट चाचणी करतात. विद्राव्य धातू असलेला गाळ सिमेंट, चुना किंवा राख मिसळून स्थिर केल्यावरच पुरतात. पुरण्याच्या खड्ड्यास चिकणमाती व उच्च घनतेचे पॉलिएथिलीन यांचे दुहेरी अस्तर असते. झिरपणारे पाणी नळांनी गोळा करतात व भोवती निरीक्षण-विहिरी खणतात. जाळण्याजोगी अपशिष्टे दोन कक्षांच्या भट्टीत जाळतात. तिच्या दुय्यम कक्षात सु. १,१००° से. तापमानात वायू किमान दोन सेकंद राहावे लागतात. तपासणी अधिकारी येथे भट्टीच्या तापमानाच्या नोंदी, निरीक्षण-विहिरींतील पाणी व पुरलेल्या जागेचा नकाशा पाहतो. खड्डा भरून बंद झाल्यावरही अनेक वर्षे देखरेख ठेवावी लागते. कारखाना बंद पडतो, अपशिष्ट राहते.

पंचगंगेचा अनुभव : पंचगंगेवर ठिकठिकाणी ‘कोल्हापूर पद्धतीचे’ म्हणून देशभर ओळखले जाणारे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांच्या दारांत फळ्या घालून पाणी अडवितात. शेतीला वरदान ठरलेली ही योजना प्रदूषणाच्या दृष्टीने अडचणीची ठरते, कारण उन्हाळ्यात वरून आलेली घाण बंधाऱ्यामागे साचून राहते. इचलकरंजीच्या खाली, शिरोळ तालुक्यातील तेरवाड बंधाऱ्याजवळ मासे मरून तरंगल्याच्या घटना अनेकदा घडल्या. प्रत्येक वेळी लोक बंधाऱ्यावर जमले, अधिकाऱ्यांना तेथे बोलावून पंचनामा करण्यात आला व नमुने घेण्यात आले. तथापि बंधाऱ्यावरील पाणी शहरांच्या मैल्याचे, प्रक्रियागृहांचे व साखर कारखान्यांचे एकत्र झालेले असते. दोष कोणाचा, हे तेथील बाटलीवरून सिद्ध होत नाही. त्यासाठी नाल्यानाल्याने वर जावे लागते : कोल्हापुरातील जयंती व दुधाळी नाले, इचलकरंजीतील काळा ओढा, मग त्यास मिळणारे एकेक गटार व अखेर एकेका कारखान्याचे दार. तोवर रात्री सोडलेले पाणी वाहून गेलेले असते.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली व तीत मृत्यूही झाले. ही साथ दूषित पाण्यातून पसरणाऱ्या विषाणूची होती, रासायनिक अपशिष्टांची नव्हती. परंतु तिने नदीच्या स्थितीकडे साऱ्या राज्याचे लक्ष वेधले. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडून (नीरी) नदीचा अभ्यास करून घेण्यात आला आणि उपाययोजनांवर देखरेखीची व्यवस्था झाली. कोल्हापूर शहरासाठी कसबा बावडा येथे दररोज ७·६ कोटी लिटर व दुधाळी येथे १·७ कोटी लिटर मैलापाणी शुद्ध करण्याची केंद्रे उभारण्यात आली. इचलकरंजीच्या प्रक्रियागृहांसाठी सामुदायिक सांडपाणी केंद्र आहे. सामुदायिक केंद्रामुळे तपासणीचे स्वरूपही बदलते. अनेक लहान घटकांऐवजी एका बहिर्वाहावर नजर ठेवणे सोपे होते. पण एखाद्या घटकाने स्वतःचे प्राथमिक शुद्धीकरण न करता तीव्र पाणी सोडले, तर केंद्रातील जिवाणू मरून सर्वांचेच पाणी अशुद्ध बाहेर पडते. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी, प्राथमिक शुद्धीकरण यंत्रणा कार्यान्वित नसलेल्या उद्योगांना चालू राहू देऊ नये, असा आदेश दिला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते व त्यांत पंचगंगेचाही समावेश होता.

मर्यादा व अलीकडील बदल : दोष आढळल्यास मंडळ कारणे दाखवा नोटीस देते, बँक हमी घेते वा जप्त करते आणि गंभीर प्रसंगी उत्पादन थांबविण्याचे व वीज-पाणी तोडण्याचे आदेश देते. हे शेवटचे अधिकार जल अधिनियमात १९८८ च्या दुरुस्तीने आले. तोपर्यंत प्रत्येक वेळी न्यायालयात जावे लागे. २०१० च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुणे येथे सुरू झाल्याने नागरिकांनाही जवळ दाद मागता येऊ लागली. जन विश्वास अधिनियम, २०२३ द्वारे पर्यावरण अधिनियमातील कैदेच्या सामान्य शिक्षेऐवजी १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद झाली असून ती १ एप्रिल २०२४ पासून अंमलात आली. यामुळे कारवाई जलद होईल, असे एक मत आहे. मोठ्या कारखान्यास दंड हा केवळ एक खर्च वाटेल, असे दुसरे मत आहे.

तपासणी अधिकारी व कारखानदार यांच्यातील ओळखीचा परिणाम होऊ नये, म्हणून कोणत्या कारखान्यास भेट द्यावयाची, हे संगणकाने ठरविण्याची पद्धती राज्यात आणली गेली. तसेच केंद्रीय मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी १७ उद्योगवर्ग व सामुदायिक केंद्रे यांना अखंड मापन करणारी स्वयंचलित उपकरणे बसविण्याचा आदेश दिला. साखर कारखाने व आसवन्या या वर्गांत मोडतात. उपकरण अधिकाऱ्याप्रमाणे सायंकाळी परत जात नाही, हा त्याचा मोठा फायदा. मात्र त्याचे अंशांकन वेळोवेळी तपासावे लागते आणि नळी उपकरणाला वळसा घालून गेली असेल, तर ते शुद्ध पाण्याचेच आकडे पाठवीत राहते. लहान विलेपनशाळा व रंगशाळा यांना हा आदेश लागूही नाही. त्यांच्याबाबत आजही अधिकाऱ्याचे पाय व डोळे हेच साधन होय.

पुराचा धोका हा कोल्हापूरपुरता विशेष प्रश्न आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट मानली जाते. २००५, २०१९ व २०२१ च्या पुरांत पाणी या पातळीच्या पुष्कळ वर गेले. ज्या जागी पिंपे ९० दिवस ठेवण्यास परवानगी आहे, ती जागा पूररेषेच्या आत असेल, तर कठडा व छप्पर निरुपयोगी ठरतात. पावसाळ्यापूर्वी नदीकाठच्या घटकांतील साठा उचलला गेला आहे काय, हे पाहणे म्हणूनच येथील तपासणीत इतर जिल्ह्यांपेक्षा अधिक महत्त्वाचे ठरते.

स्मिथ यांच्या काळापासून तपासणीची साधने सुधारत गेली. पण प्रत्येक साधनाची नजर एकेका ठिकाणी संपते. नमुना कारखान्याच्या दाराशी थांबतो, पत्रक काट्यापाशी व उपकरण नळीच्या तोंडाशी. त्यापुढचे पाणी शिरोळ तालुक्यातील गावकरी पाहतात. पाण्याचा रंग व वास बदलल्याची पहिली खबर बहुधा त्यांच्याकडूनच येते. कोणत्याही यंत्रणेला प्रत्येक नळीपाशी माणूस उभा करता येत नाही. म्हणून तक्रार येताच त्या रात्रीच घेतलेला, रीतसर मोहोरबंद केलेला नमुना व त्याच्याशी ताडून पाहिलेली नोंदवही यांवरच या तपासणीचे यश मुख्यतः अवलंबून राहते.